सनरूमचा कोबा

ओहायोतल्या डब्लिनमध्ये मोरेश्वर खानझोडेचं घर आहे, आणि त्या घराच्या मागच्या बाजूला तीन बाजूंनी काचा असलेली एक खोली आहे. तिला सगळे सनरूम म्हणतात. घर घेताना त्याच्या बायकोने, नीलांबरीने, ते पसंत केलं होतं या एका खोलीपायी. पण ती खोली आधीच्या मालकाने मागाहून जोडलेली होती. खाली नुसतं काँक्रीट, आणि घरातलं हीटिंग काही तिथवर पोचत नव्हतं. नोव्हेंबर लागला की जमीन अशी गार पडायची की दोन-दोन मोजे चढवूनही तळपाय बधिर व्हायचे. मग एप्रिलपर्यंत त्या खोलीचा उपयोग एकच. फ्रिजमध्ये न मावलेली पातेली तिथे नेऊन ठेवायची.

एका फेब्रुवारीत, रविवारी सकाळी, नीलांबरी चहाचा कप घेऊन तिथे पाच मिनिटं उभी राहिली, आणि आत येता येता म्हणाली, की याला खालून ऊब आली असती तर मी इथून हललेच नसते. ती म्हणाली आणि विसरली. मोरेश्वर विसरला नाही.

मोरेश्वर एका इन्शुरन्स कंपनीत वीस वर्षं डेटाबेस सांभाळत होता. ऑफिसात त्याला 'मो' म्हणत. माणूस सरळ, कामाला चोख, फक्त एक खोड होती. दहा गोष्टींची तुलना केल्याशिवाय त्याला अकरावी गोष्ट घेता येत नसे. नवा कुकर घ्यायचा तर त्याने सहा आठवडे लावले होते, आणि तेवढे दिवस घरात वरण पातेल्यात शिजत होतं. आता तर अख्खी जमीन तापवायची होती.

पहिले दोन आठवडे सुरळीत गेले. जमिनीवर फोमचे बोर्ड घालायचे, त्यावर प्लॅस्टिकच्या बारीक पाइपांची नागमोडी रांग, पाइपांतून गरम पाणी, आणि वरून एक थर. पाइपांचं काम करायला डेल नावाचा लाल दाढीचा, अबोल माणूस मिळाला. अडलं ते वरच्या थरापाशी. त्या थराला अमेरिकन साइटवर एक नाव, ब्रिटिश साइटवर दुसरं, आणि विकणाऱ्या कंपन्यांची तिसरीच. वैतागून मोरेश्वरने अमरावतीच्या काकांना फोन लावला. काकांनी जन्मभर बांधकामं केलेली. त्याने त्यांना वीस मिनिटं समजावून सांगितलं, की पाइप बुडतील, सपाट बसेल, वर फरशी लावता येईल असं काहीतरी. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोबा म्हण की." त्या दिवसापासून घरात त्याला कोबाच म्हणू लागले.

आता प्रश्न राहिला, कोबा कशाचा? सिमेंट आणि वाळूचा, की जिप्समचा? सिमेंटचा दणकट, पण जाड हवा, आणि सुकायला महिना घेणारा. जिप्समचा पातळ चालतो, पाइपांच्या खालीवर आपोआप पसरतो, लवकर तापतो, पण त्याला पाणी सोसत नाही. मोरेश्वरने तक्ता मांडला. मार्चमध्ये त्यात अकरा ओळी होत्या, जूनमध्ये बेचाळीस झाल्या. जेवताना तो रोज एखादी ओळ सांगायचा. सोळा वर्षांची इला इअरफोन न काढता मान हलवायची. नीलांबरी मात्र ऐकायची. एकदा तिने भात वाढून घेता घेता "जिप्समचं कसं आहे," अशी सुरुवातही केली होती, तर मोरेश्वर म्हणाला, "थांब, त्याकडे येतोच." तिने आणखी थोडा भात घेतला.

नीलांबरीबद्दल इथे सांगायला हवं. तिने नागपुरात दातांच्या डॉक्टरची डिग्री घेतली होती. लग्न होऊन इकडे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर तिला सात वर्षं काम करायची मुभा नव्हती. नंतर कागद हातात आले तोवर इला शाळेत जायला लागली होती आणि पुन्हा परीक्षा देऊन इथली डॉक्टर होण्याइतका दम उरला नव्हता. मग कोलंबसमधल्या एका डेंटल लॅबमध्ये ती लागली. डॉक्टर लोक पेशंटच्या दातांचे साचे तिकडे पाठवत, आणि ही मंडळी त्यावरून कवळ्या आणि कॅप बनवून देत. अकरा वर्षं ती सकाळी सातला निघत होती. थंडीत तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ मोरेश्वर रोज न चुकता खरवडून ठेवायचा. पार्टीत कुणी विचारलं तर सांगायचा, नीला डेंटल लाइनमध्ये आहे. पण आठ ते चार ती नेमकं काय करते, याचं चित्र काही त्याच्या डोळ्यांपुढे नव्हतं. विचारावं असं त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं.

सप्टेंबर उजाडला तरी तक्त्यातून निर्णय काही निघत नव्हता. एका संध्याकाळी नीलांबरी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन सनरूममध्ये गेली, अंगणात उघडणाऱ्या सरकत्या दाराशी ओणवी झाली आणि त्याला हाक मारली. दाराचा उंबरठा जमिनीपासून तीन इंच वर होता. खाली फोम एक इंच. वर सिमेंटचा कोबा अडीच इंच धरला तर दार उघडणारच नाही. जिप्समचा दीड इंच धरला तर वर टाइल्सपुरती जागा उरते. तिने टेप सोडली, ती सर्रकन गुंडाळली गेली.

मोरेश्वरने टेप घेऊन उंबरठा स्वतः एकदा मोजला. मग आत गेला आणि तक्त्यात त्रेचाळिसावी ओळ घातली: उंबरठा.

जिप्सम ठरलं तर ओतायला कुणी येईना. जिप्सम पंपाने ओतणाऱ्या कंपनीने खोलीचं माप विचारलं. बारा बाय बारा म्हटल्यावर तिकडची बाई हसली, आणि एवढ्याशासाठी आम्ही पंप गाडीवर चढवतही नाही, असं तिने सांगितलं. म्हणजे पोत्यांतून आणायचं, घरीच कालवायचं आणि घरीच ओतायचं. मोरेश्वरला मनातून आनंदच झाला. गॅरेजमध्ये चाळीस पोती येऊन पडली. दोन मोठी प्लॅस्टिकची पिंपं आली, ड्रिलला लावायची लांब रवी आली. मॅन्युअल त्याने दोनदा वाचलं आणि महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या.

डेलने पाइप टाकून दिले, त्यात पाणी भरलं, आणि एका टोकाला प्रेशरचं गेज बसवून दिलं. काटा साठवर होता. कोबा ओतताना काटा खाली आला तर समजायचं कुठेतरी पाइपला भोक पडलंय, आणि कोबा घट्ट व्हायच्या आत ते शोधायचं, एवढं सांगून तो निघून गेला.

ऑक्टोबरातला दुसरा शनिवार ठरला. मदतीला दोघे आले. कबीर, मोरेश्वरच्या टीममधला मुंबईचा पोरगेला इंजिनिअर, आणि विवेक, दोन घरं सोडून राहणारा, नागपूरचाच. फ्रिजवर मोरेश्वरने कामाची वाटणी चिकटवली होती. कबीर आणि विवेक, कालवणे. इला, पाणी मोजणे. मोरेश्वर, पसरवणे व एकूण देखरेख. नीलांबरी, चहा, पोहे, गेज.

इलाने कागद वाचला. "बाबा, मॉम गॉट पोहे," ती म्हणाली. "सीरियसली?"

मोरेश्वर म्हणाला की गेजचं काम सगळ्यात जबाबदारीचं आहे. नीलांबरीने कागद वाचला. तिने पोहे केले, चहा थर्मासमध्ये भरला, लॅबमधला जुना राखाडी एप्रन बांधला आणि गेजपाशी स्टूल घेऊन बसली.

पहिली तीन पिंपं दृष्ट लागावी अशी गेली. आटीव दुधासारखं ते मिश्रण पाइपांच्या रांगांमधून पसरत गेलं, कोपऱ्यांत शिरलं, आपोआप सपाट झालं. मोरेश्वर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, पाइप चुकवत, लांब दांड्याच्या दाताळ्याने ते पुढे ढकलत होता. मनात तो पुढच्या वर्षी बेसमेंटचं करावं का, याचा विचार करायला लागला होता. बाहेरून कबीरचा आवाज आला, "यार, हे तर एकदम सोपं आहे."

चौथं पिंप जरा दाट आलं. मोरेश्वरला वाटलं, पाणी कमी पडलं असेल. पाचवं पिंप दोघांनी दारापर्यंत आणलं आणि कलंडवलं, तर त्यातून काही बाहेरच येईना. कबीरने पिंप हलवलं. विवेकने आत काठी घातली, तर काठी सरळ उभी राहिली.

मोरेश्वर खोलीतून बाहेर आला. त्याने पिंपात डोकावलं, पोत्यावरचा नंबर वाचला आणि निदान केलं की माल खराब निघाला. कबीरला त्याने सगळ्या पोत्यांच्या नंबरांचे फोटो काढायला लावले. विवेकचं म्हणणं पडलं, पुढच्या पिंपात सरळ दोन तांबे पाणी जास्त घालू. मोरेश्वरला आधी ऑनलाइन बघायचं होतं, कुणाला असा अनुभव आलाय का. पण त्याच्या हातांना जिप्सम लागलेलं होतं, आणि फोन काही केल्या त्याचा अंगठा ओळखेना. तिकडे खोलीत आधी ओतलेल्या थराची कड हळूहळू आळत चालली होती. दहा-पंधरा मिनिटांत तिच्याशी नवा थर जोडला नाही, तर खोलीच्या मधोमध कायमची पायरी राहिली असती.

नीलांबरी स्टुलावरून उठली. पिंपाच्या आतल्या भिंतीवर तिने नख ओढलं, निघालेली खपली चिमटीत चुरली.

"हे मधे धुतलं होतं का?" तिने विचारलं.

कुणीच धुतलं नव्हतं. एकापाठोपाठ एक कालवायचं, मधे धुवायचं कशाला, असं कबीर म्हणाला.

"जुनं चिकटलेलं नव्यात गेलं की नवं लगेच पकडतं. विरजण लावल्यासारखं होतं ते," ती म्हणाली. "मालाला काही झालेलं नाही. इला, नळाची नळी आण इकडे."

मोरेश्वर म्हणाला, "पण मॅन्युअलमध्ये..."

"पान आठ. दर वेळी स्वच्छ भांडं घ्या," नीलांबरी म्हणाली. "तू ते पिवळं केलंयस."

त्यानंतर पुढचा तास-दीड तास कुणीही फ्रिजवरच्या कागदाकडे पाहिलं नाही. नीलांबरीने दोन्ही पिंपं उलटी करून घासून धुवायला लावली. पाचव्या पिंपातून एक भलामोठा पांढरा गोळा निघाला, तो कबीरने गवतावर लोटून दिला. मग तिने नेम घालून दिला. एक पिंप कालवायला, तोवर दुसरं धुवायला. आधी पाणी, मग पावडर, उलटं नाही. रवी तळाशी ठेवायची, वर उचलायची नाही, हवा आत जाते. विवेकने पाण्याचा तांब्या उचलला तसा तिने त्याच्या हातातून काढून घेतला. पाणी वाढवलं की दिसायला छान वाहतं आणि नंतर नखाने खरवडून निघतं, दातांची अशी मॉडेल्स डॉक्टरांकडून लॅबमध्ये दर आठवड्याला येतात, असं तिने सांगितलं. बोलणं नेहमीचंच, शांत. पण विवेकने तांब्या पुन्हा उचलला नाही.

"मी काय करू?" मोरेश्वरने विचारलं.

ती त्याच्या हातातलं दाताळं घेत म्हणाली, "तू गेजवर बस."

तो बसला. कुणीतरी त्याच्या मांडीवर पोह्यांची बशी आणून ठेवली. काटा साठवर होता तो साठवरच राहिला, त्यामुळे त्याच्याकडे बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. मग तो नीलांबरीकडे बघत बसला. ती रबरी बुटांत मोजकी पावलं टाकत मागे मागे सरकत होती. नवा थर आला की जुन्याच्या कडेवर एकदा दाताळं हलकेच झुलवायची, की जोड दिसेनासा व्हायचा. वर बुडबुडे आले की दाताळ्याच्या पाठीने अलगद टिपायची. पिंप केव्हा हवं ते ती मागे न बघताच सांगायची, आणि पिंप बरोबर तेव्हा यायचं. एरवी घरात किल्ल्या कुठे ठेवल्या हे विचारत फिरणारी बाई ती हीच का, असं त्याला वाटून गेलं. आपण हिला इतकं झपझप काम करताना पूर्वी कधी पाहिलं नाही, असं त्याच्या मनात आलं. नंतर लक्षात आलं की पाहणार कुठून, आपण तिकडे कधी गेलोच नाही. पोहे गार झाले होते, ते त्याने तसेच खाल्ले.

सदतीस पोती लागली. दाराशी शेवटचा थर मिळाला, नीलांबरी आडव्या फळीवरून अलीकडे आली आणि बूट काढून पायरीवर बसली. सगळ्यांनी चहा घेतला. कबीरने शेवटी विचारलंच, "वहिनी, तुम्ही हे शिकलात कुठे?"

"अकरा वर्षं रोज हेच कालवते," ती म्हणाली. "दातांची मॉडेल्स याचीच बनतात. आमच्याकडे वाटीत, इथे पिंपात, एवढाच फरक."

कबीर मोठ्याने हसला. विवेक मोरेश्वरकडे बघून हसला. मोरेश्वरने थर्मासमधला उरलेला चहा सगळ्यांच्या कपांत ओतला.

ते दोघे गेल्यावर, इला वर अंघोळीला गेल्यावर, नीलांबरीने त्याला दाराशी बोलावलं आणि कडेला, जिथे कोबा बोट उमटणार नाही इतपत घट्ट झाला होता, तिथे तळहात टेकवायला सांगितलं. त्याने टेकवला आणि लगेच उचलला. जमीन गरम होती. डेलने हीटिंग चालू करून ठेवलं की काय, असं त्याला वाटलं. पण बॉयलर तर अजून जोडलाही नव्हता.

"जिप्सम घट्ट होताना आपलं आपण तापतं," ती म्हणाली. "तासाभरात निवेल."

त्याने हात पुन्हा ठेवला. तिनेही शेजारी ठेवला. काचेबाहेर शेजाऱ्यांचा माणूस पानं उडवायचं यंत्र घेऊन फिरत होता, त्याने या दोघांना असं ओणवं बसलेलं बघितलं आणि यंत्र बंद करून क्षणभर उभा राहिला.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" मोरेश्वरने विचारलं.

"तीनदा सांगायला लागले होते. मग म्हटलं, जाऊ दे, याला मजा येतेय."

 मोरेश्वरने हात तसाच गरम जमिनीवर राहू दिला.

पुढचे आठवडे खोली सुकण्यात गेले. मोरेश्वरने पंखा लावला, खिडक्या किती वाजता किती उघडायच्या ते बायकोला विचारून ठरवलं, आणि डेलने हीटिंग जोडल्यावर रोज थोडी थोडी उष्णता वाढवली. कुठेही तडा गेला नाही. एका कोपऱ्यात, जिथे पहिली तीन पिंपं त्याने स्वतः पसरवली होती, तिथे जमीन सूतभर उंच निघाली. इलाने तिथे काचेचा कंचा ठेवला की तो घरंगळत निघायचा आणि जिथून आईने पसरवायला सुरुवात केली होती तिथे येऊन थांबायचा. हा प्रयोग ती येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवायची. डेलने टाइल लावण्याआधी लांब पट्टी फिरवून पाहिली आणि पहिल्यांदाच करणाऱ्याच्या मानाने फारच सुरेख झालंय, असं म्हणाला. मोरेश्वरने त्याला दुरुस्त केलं, की हे काम केलेल्या बाईंना अकरा वर्षांचा अनुभव आहे. डेलने तिचा फोन नंबर मागून घेतला.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी मोरेश्वरने अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि कोलंबसला ड्राइव्ह करत गेला. लॅब एका गोदामवजा इमारतीत होती. बाहेर पाटी लहान, आत लांबच लांब टेबलं, आणि त्यांवर ओळीने शेकडो जबडे मांडून ठेवलेले. नीलांबरीने डोळ्यांवरचं भिंग वर सरकवलं आणि कोण आलंय ते पाहिलं. घरी सगळं ठीक आहे ना, असं तिने आधी विचारलं. ठीक होतं. मग कशाला आलास, तर तो म्हणाला, बघायला.

शेजारच्या टेबलावरच्या इव्हेटबाईंनी त्याला एप्रन दिला. नीलांबरीने एक हिरवी रबरी वाटी, एक चपटा चमचा, मोजलेलं पाणी आणि मोजलेली पावडर त्याच्यापुढे ठेवली. त्याने सदतीस पोत्यांचं काम जवळून पाहिलं होतं, त्यामुळे या वाटीभर कामाचं त्याला काही वाटलं नाही. त्याने कालवलं, साच्यात ओतलं, टेबलावर ठोकून बुडबुडे काढले. अर्ध्या-पाऊण तासाने नीलांबरीने साचा सोडवला. समोरच्या दोन दातांच्या जागी दोन वाटोळी भोकं होती, आणि एक दाढ तर तिच्या हातातच राहिली.

इव्हेटबाईंनी ते मॉडेल हातात घेऊन उजेडाकडे धरलं. या पेशंटला आता फक्त सूप प्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या. टेबलाच्या त्या टोकापर्यंत सगळे हसले, आणि नीलांबरी सगळ्यांत जास्त हसली.

साडेतीनला मोरेश्वरची एक मीटिंग होती. त्याने फोन काढला, ती कॅन्सल केली आणि आणखी एक वाटी मागितली.